मोजणीचा मंगळवार

शाळा मंडळाने मला त्या समितीवर पाठवलं, कारण दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. हे मी नम्रपणा म्हणून सांगत नाही. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "कोण जाईल?" तेव्हा मंडळाचे सगळे सभासद समोरच्या टेबलाकडे बघू लागले. मी मागे श्रोत्यांच्या खुर्चीत होतो. माझ्यासमोर बघायला टेबल नव्हतं, त्यामुळे अध्यक्षांना माझा चेहरा दिसला.

"वेंडेल, तुम्ही बरंच वाचता," ते म्हणाले. "हे वाचायचंच काम आहे."

तसं ते नव्हतं. ते माणसं मोजायचं काम होतं.

आमच्या टॅनर्स फोर्डमध्ये पूर्वी हातमोज्यांचा कारखाना होता. गावातल्या निम्म्या बायका तिथे शिवायला जात. मग कारखाना परदेशी गेला, आणि ओहायोतल्या इतर गावांसारखं आमचंही गाव सकाळी उठून कुठे जायचं ते विसरलं. काही वर्षांनी गावाने ठरवलं, की जो कोणी इथे नवा धंदा काढील, नवी इमारत बांधील, त्याला त्या इमारतीवरचा मालमत्ता कर दहा वर्षं माफ. बदल्यात त्याने ठरलेली माणसं कामाला घ्यायची, आणि ती इथलीच घ्यायची. मालमत्ता कराचा मोठा हिस्सा शाळेकडे जातो, म्हणून सवलतीच्या समितीवर शाळेचा एक माणूस असतो. दर वसंतात समिती धंद्यावर जाते आणि ठरलेली माणसं खरोखर आहेत का ते बघून येते. तेवढंच काम. मी आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात होतो. पुस्तकं मोजायची सवय होती, माणसं मोजायची नव्हती.

आमच्या गावात सवलत घेणारा धंदा एकच होता, ड्वाइट सोकोलचा. जुन्या लोणी-डेअरीच्या जागेत त्याने नवी शेड बांधली होती आणि तिथे तो वेल्डरांचे चामडी हातमोजे बनवायचा. करारात बारा माणसं लिहिली होती. तिसऱ्या वसंतापर्यंत ती भरायची होती.

ड्वाइटला मी तो शाळेत होता तेव्हापासून ओळखतो. जेवणाच्या सुट्टीत तो ग्रंथालयात येऊन बसायचा. वाचायला नव्हे, जेवणाच्या खोलीतला गलका त्याला सहन व्हायचा नाही. तो एका टेबलाशी बसायचा, मी दुसऱ्या. आम्ही बोलायचो नाही. माझ्या आयुष्यात ज्यांना मैत्री म्हणता येईल अशा थोड्या गोष्टी आहेत, त्यांत मी ती धरतो. त्याची काय कल्पना आहे मला माहीत नाही.

त्या हिवाळ्यात तो एकदा गावच्या वाचनालयात आला. निवृत्तीनंतर दुपारचा मी तिथे बसतो. अंगावर चामड्याचा वास, हातात टोपी.

"मिस्टर क्रुम, सातच आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "बारा म्हटलं होतं."

"गावात शिवणाऱ्या..." मी म्हणालो.

"आहेत ना. कोण कोण आहेत ते मला तोंडपाठ आहे. पण जुना कारखाना त्यांना जे देत होता ते मला परवडत नाही. मिसेस क्लॅटनी मला लहानपणी सँडविच करून दिलेत. त्यांच्या दारात जाऊन कुठल्या तोंडाने सांगू, या, तेच काम करा आणि पहिल्यापेक्षा कमी घ्या?"

"मग?"

"मग काय. मोजणीच्या वेळी सरळ सांगेन. सात आहेत, जमलं नाही, एक वर्ष द्या. खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणजे झालं. माझ्या बापाने या गावात एकदाच उधारी बुडवली आणि ती लोकांनी त्याच्या—" त्याने टोपी फिरवली. "त्याच्या अंत्यविधीलासुद्धा काढली."

तो गेल्यावर पंधरवड्याच्या आत ओपल रीस आली. ती जुन्या कारखान्यात अंगठे शिवायची. हातमोज्यात अंगठा बसवणं हे सगळ्यांत अवघड काम समजतात. नवरा गेल्यापासून ती फारशी कुठे दिसत नसे. पुस्तकांच्या रांगेत बराच वेळ घालवून ती माझ्या टेबलाशी आली.

"वेंडेल, ड्वाइटकडे कामाला घेताना वय विचारतात का रे?"

"मला नाही वाटत."

"तरुण पोरी हव्या असतील त्याला." ती पुस्तकांच्या रांगेकडे बघू लागली. "आणि मी विचारलं नि त्याला नाही म्हणता आलं नाही, तर? जाऊ दे. हे घेऊन जाते." पक्ष्यांवरचं एक पुस्तक तिने पुढे केलं. मी त्यावर शिक्का मारला.

वाचनालयात लोक मला जे सांगतात ते मी ठेव समजतो. एकाची दुसऱ्याला देत नाही. याचा मला थोडा अभिमानही होता, हे लिहिलं पाहिजे.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार चर्चच्या तळघरात साजरे होतात. मांस चालत नाही, म्हणून गावभर मिळून तळलेला मासा खायचा. मी त्या धर्माचा नाही, पण घरी एकट्याने जेवण्यापेक्षा ते बरं. त्या शुक्रवारी व्हर्ना क्लॅट माझ्या समोर येऊन बसली. व्हर्ना म्हणजे तळघराची सेनापती. जुन्या कारखान्यात ती शिवणाऱ्या बायकांची मुकादम होती आणि कारखाना गेला तरी मुकादमपण गेलं नाही.

"एवढासा मासा घेतलास? चिमणी जेवते तुझ्यापेक्षा."

"पुरे मला."

"पुरे कसला. कोट बघ तुझा, आतमध्ये कोणी आहे असं वाटत नाही." तिने आपल्या ताटातला एक तुकडा माझ्या ताटात टाकला. "ड्वाइटची मोजणी कधी आहे?"

"मंगळवारी. सकाळी."

"किती आहेत त्याच्याकडे?"

"ते मी सांगणं बरं नाही, व्हर्ना."

"सात आहेत. आख्ख्या गावाला ठाऊक आहे, तुझ्या समितीला सोडून. आणि बारा नसले तर?"

"तर सवलत काढून घेता येते. अर्थात—"

"व्हर्ना, कोबीची कोशिंबीर संपली गं," स्वयंपाकघरातून कोणीतरी ओरडलं.

"संपेल नाही तर काय, डोंगर वाढताय एकेकाला," म्हणत ती उठली आणि गेली. परत आली नाही.

'अर्थात'च्या पुढचं वाक्य मी घरी चालत जाताना मनात पूर्ण केलं. माझी बरीच वाक्यं अशी घरी जाऊन पूर्ण होतात. ते वाक्य असं होतं: अर्थात, मालकाने कमी आकडा प्रामाणिकपणे सांगितला तर समिती त्याला एक वर्ष मुदत देऊ शकते, आणि बहुतेक वेळा देतेच, फक्त आकडा खोटा दाखवला तर मात्र क्षमा नाही, सवलत जाते आणि मागच्या वर्षांचा करही भरावा लागतो. करार सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणारा गावात मी एकटाच होतो. ड्वाइटने वाचला असेल, पण त्याला तो सहीच्या घाईत वाचावा लागला. मी चहा घेत वाचला होता.

व्हर्नाकडे परत जाऊन सांगावं असं वाटलं. पण तिथे गर्दी होती, आणि मुद्दाम जाऊन सांगण्याइतकं ते महत्त्वाचं आहे असं मला वाटलं नाही.

आमच्या गावाची एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं वेडेपणाचं वाटेल. इथे मदतीला येऊ का असं कोणी विचारत नाही. विचारणं म्हणजे समोरच्याला नको म्हणायला लावणं. कोणाचं कोठार जळलं, कोणाचा पाय मोडला, की लोक सरळ येतात. हातात ओव्हनमधून काढलेलं नूडल्सचं नाहीतर बटाट्याचं भांडं असतं, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव, म्हणजे परत कोणाला द्यायचं ते कळावं. माझी बायको गेली तेव्हा आमच्या ओसरीवर इतकी भांडी होती की दार उघडेना. मी प्रत्येकाचं बूड उलटं करून नाव वाचलं होतं.

मंगळवारी आम्ही मेयरच्या गाडीतून ड्वाइटकडे निघालो. मेयर, टाउनशिपचे, म्हणजे आसपासच्या वस्त्यांचे, एक विश्वस्त, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑडिटर मिसेस पॅगेट आणि मी. समितीच्या प्रमुख मिसेस पॅगेट. त्या काउंटीच्या मोठ्या गावाहून आल्या होत्या. बाई कोरड्या पण न्यायी. दुसऱ्या एका गावात समोरासमोर खोटं बोलणाऱ्या मालकाची सवलत त्यांनी जागच्या जागी काढली होती, असं मेयरने वाटेत सांगितलं.

शेडसमोरचं आवार गाड्यांनी भरलेलं होतं. मला कळलं ते तिथेच. माणसांचे चेहरे मला पटकन ओळखू येत नाहीत, पण या गावातल्या गाड्या मी रोज वाचनालयाच्या खिडकीतून बघतो. व्हर्नाची तपकिरी ब्युइक अगदी दाराशी उभी होती.

"धंदा बरा चाललेला दिसतो," मेयर म्हणाले.

आत सगळी मशीनं चालू होती. ड्वाइटकडे मशीनं जास्त होती. जुना कारखाना मोडीत निघाला तेव्हा त्याने ती सगळीच्या सगळी घेतली होती, माणसं येतील या भरवशावर. आज एकही रिकामं नव्हतं. प्रत्येकावर एक म्हातारी वाकलेली. जुन्या कारखान्याचे फिकट निळे अंगरखे त्यांनी ट्रंकेतून काढून घातले होते, आणि काहींना ते आता पुढे बंद होत नव्हते. कापणीच्या टेबलाशी निवृत्त पोस्टमन चामड्याचा तुकडा हातात धरून उभा होता. त्याचं काय करायचं ते त्याला कोणी सांगितलं नसावं. कोपऱ्यातल्या बाकावर भांडी मांडली होती. रिकाम्या हाताने कोणी आलं नव्हतं.

ड्वाइटची खरी माणसं या गर्दीत मिसळून गेली होती आणि एकमेकांकडे बघत होती. ड्वाइट ऑफिसच्या दारात उभा होता. चेहऱ्यावर रंग नव्हता. नंतर कळलं, की बायका मागच्या दाराने आत आल्या होत्या, त्यांना परत पाठवायला त्याने तोंड उघडलं तेवढ्यात आमची गाडी आवारात वळली.

व्हर्नाने शिवता शिवता मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि डोळा मारला. आयुष्यात मला कोणी फार वेळा डोळा मारलेला नाही. मी जमिनीकडे बघितलं.

मिसेस पॅगेट पेन्सिलीच्या टोकाने हवेत टिंबं देत रांगांमधून फिरल्या. परत येऊन म्हणाल्या, "मिस्टर सोकोल, तुम्ही फोनवर मला सात म्हणाला होता."

"हो, मॅडम."

"मी बारापेक्षा कितीतरी जास्त मोजली."

"मग प्रश्नच मिटला," मेयर म्हणाले. "बिचारा संकोचून कमी सांगत होता. सोकोल मंडळी आहेतच तशी."

विश्वस्त हसले. मशीनं चालत राहिली. मला वाटतं त्या सगळ्या बायका ऐकत होत्या, कारण चालायला हवीत त्यापेक्षा मशीनं जरा जास्त जोरात चालत होती.

आता मी बोलायला हवं होतं. माझ्याकडे ते पूर्ण वाक्य तयार होतं, शुक्रवारपासून तयार होतं. मी तोंड उघडलं. पण कोणासमोर बोलायचं ते कळेना. मिसेस पॅगेटना सांगावं तर बायका उघड्या पडतात. बायकांना सांगावं तर ड्वाइट. ड्वाइटने माझ्याकडे बघितलं. शाळेत असताना गलका त्याच्या मागे ग्रंथालयापर्यंत आला की तो असाच बघायचा, आणि मी उठून दार लावून घ्यायचो. या वेळी लावायला दार नव्हतं.

त्यालाही ते समजलं असावं. तो भिंतीशी गेला आणि त्याने मुख्य बटण खाली ओढलं.

सगळी मशीनं एकदम थांबली. तो आवाज बंद झाल्यावर बायकांचा श्वास ऐकू यायला लागला.

"माझी सात आहेत," ड्वाइट म्हणाला. "बाकीचे माझे शेजारी आहेत. त्यांना मी बोलावलेलं नाही, आणि मी त्यांना पगार देत नाही. ते माझ्यासाठी आलेत." तो मिसेस पॅगेटकडे वळला. "मी फोनवर सांगितलं तेच खरं आहे."

बायकांनी हात मांडीवर घेतले होते. निळ्या अंगरख्यातली एक बाई गळ्याजवळचं बटण लावायचा प्रयत्न करत होती. ते लागत नव्हतं, पण तिची बोटं थांबत नव्हती. मी हे बघायला नको होतं. आम्ही कोणीच ते बघायला नको होतं.

"यांना कोणी बोलावलं?" मिसेस पॅगेटनी विचारलं.

"बोलावायला काय लग्न आहे?" व्हर्ना म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "आम्ही अशाच येतो."

"मोजणी आज आहे हे तुम्हाला कसं कळलं? आणि बारा नसले तर काय होतं हे?"

व्हर्नाने समोरच्या मशीनच्या सुईकडे बघितलं. "गाव सभागृहाच्या फळ्यावर लावलं होतं."

फळ्यावर फक्त तारीख होती. आणि तो फळा गेली कित्येक वर्षं कोणी वाचलेला नाही. मी वाचतो, पण मी काहीही वाचतो. खोलीतल्या प्रत्येकीला खरं माहीत होतं. व्हर्नाने शनिवारी सगळ्यांना फोन करताना 'वेंडेल म्हणाला' असंच सांगितलं असणार. आणि त्यांतल्या एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही. छताकडे बघितलं, चामड्याकडे बघितलं, पोस्टमनने तर हातातला तुकडा उलटसुलट करून तपासला. एवढी सगळी माणसं एका दिशेला बघायचं टाळत होती, आणि ती दिशा मी होतो.

मी गप्प राहिलो. माझ्याही मदतीला लोक न विचारता आले होते, आणि मी त्यांना येऊ दिलं.

मतदान ड्वाइटच्या ऑफिसात झालं. तो बाहेर थांबला. मिसेस पॅगेट म्हणाल्या, "आकडा खोटा दाखवला असता तर मी आजच्या आज सवलत काढायची शिफारस केली असती. पण या माणसाने सगळ्यांसमोर बटण बंद केलं. मला वाटतं त्याने फसवलं नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "मिस्टर क्रुम, यात नुकसान होतं ते शाळेचं. तुम्ही सांगा."

खरं होतं ते. त्या कराच्या तुटीपायी शाळेने बँडच्या मास्तरला अर्ध्या वेळेवर आणलं होतं. बारा माणसं कामाला लागतील, त्यांची मुलं शाळेत येतील, गाव वर येईल, म्हणून शाळेने ते सोसलं होतं.

"एक वर्ष द्यावं," मी म्हणालो. "अर्थात—"

त्या थांबल्या. मेयरही थांबले. या वेळी कोबी संपला नाही, कोणी हाक मारली नाही.

"अर्थात काय?" मिसेस पॅगेटनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

एक वर्षाची मुदत मिळाली. सवलत राहिली. मेयरने बाहेर जाऊन ड्वाइटचा हात हातात घेतला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. ड्वाइटने ती थाप सोसली.

बायका निघाल्या होत्या. आल्या त्याच मागच्या दाराने. ड्वाइट दार धरून उभा राहिला आणि त्याने प्रत्येकीचे नाव घेऊन आभार मानले. त्या "हो हो" म्हणत त्याच्या खांद्याकडे, त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत बाहेर पडल्या. भांडी कोणी परत घेतली नाहीत. भांडी परत न्यायची नसतात.

व्हर्ना शेवटून दुसरी होती.

"आम्ही तुझा तमाशा केला, पोरा," ती म्हणाली.

"तसं नाही, मिसेस क्लॅट. पण पुढच्या वेळी विचारा."

"विचारून कोणी येतं का?" ती म्हणाली. मग दारात वळून, "तू तरी कुठे विचारलंस?"

ड्वाइटला ते कळलं नाही. मला कळलं: कामाला या, असं त्याने त्यांच्यापैकी कोणालाच विचारलं नव्हतं. मी कापणीच्या टेबलामागे उभा होतो, गाडीकडे जायला निघालेला आणि न गेलेला.

व्हर्ना गेली तरी एक जण मशीनवर बसलेलीच होती. ओपल रीस. वीज बंद होती, तरी तिने हाताने चाक फिरवून एकेक टाका घालणं चालू ठेवलं होतं.

"मिसेस रीस," ड्वाइट जवळ जाऊन म्हणाला, "झालं आता. राहू दे ते."

"हा अंगठा राहिलाय."

"राहू दे."

"अर्धा सोडला तर चामडं वाया जातं." तिने चाक फिरवलं. टाका बसला. खाली बघतच ती म्हणाली, "उद्या किती वाजता यायचं?"

"उद्या मोजणी नाही."

"ते माहीत आहे मला."

ड्वाइट उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी त्याला याचा अर्थ सांगेन. हिवाळ्यापासून तो अर्थ माझ्याकडे होता. एक अर्धा त्याने माझ्या टेबलावर ठेवला होता, दुसरा हिने. दोन्ही अर्ध्यांवर मी शिक्का मारून ते वेगवेगळ्या कप्प्यांत लावून टाकले होते, आणि त्याला गुप्तता पाळणं म्हणत होतो.

"मी त्या सगळ्यांसारखी नुसती मदतीला आले नव्हते," ओपल म्हणाली. तिच्या मानेवर लाली चढली होती. सत्तरीच्या बाईला असं लाजताना बघणं फार जड जातं. "म्हणजे, मदतीलाच आले. पण मशीनवर बसले नि वाटलं, मोजलं तर मोजली जाईन. मग तुला घ्यावंच लागेल मला. हे बरोबर नाही, मला कळतंय."

"मिसेस रीस, माझ्याकडे पाच जागा रिकाम्या आहेत."

"मग तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"पगार." त्याला तो शब्द काढायला वेळ लागला. "जुन्या कारखान्याइतका देता येत नाही मला. तुम्हाला बोलवायची लाज वाटली."

ओपलने पहिल्यांदा मान वर केली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मला वाटतं त्या क्षणी दोघांनाही तीच शंका आली, की हे तिसऱ्या कोणाला तरी माहीत असायला हवं होतं. मी टेबलावरची कात्री उचलली आणि परत ठेवली.

"कमी म्हणजे किती कमी?" ओपलने विचारलं.

त्याने सांगितलं. तिने ओठ मिटले, हिशेब केला, आणि सोडून दिला.

"वर्षानुवर्षं घरी बसून मिळालं त्यापेक्षा जास्तच आहे. सात वाजता?"

"सात वाजता. अर्धा दिवस हवा असेल तर तसंही चालेल."

"अर्धा कशाला?" ती म्हणाली. "आणि तो दिवा लाव बाबा, दिसत नाही मला इथे."

ड्वाइटने भिंतीशी जाऊन बटण वर केलं. एकच मशीन चालू झालं. मग त्याची सात माणसं, जी एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती, एकेक करून आपापल्या जागी गेली.

दाराशी ड्वाइट माझ्यापाशी आला. मला वाटलं तो विचारील. तो फक्त म्हणाला, "आलात, बरं झालं, मिस्टर क्रुम." शाळेत तो ग्रंथालयातून जाताना मला असंच काहीतरी म्हणायचा. त्याला माहीत नसेल, किंवा माहीत असून त्याने रीत पाळली असेल. मी विचारलं नाही.

गाडीत मिसेस पॅगेट वाट बघत होत्या. "एवढा वेळ कुठे होता?"

"आता आठ आहेत," मी म्हणालो.

"मी मोजणी बंद केली," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मोजू." मग काहीशा मवाळपणे, "पण कळलं ते बरं झालं." हे कोणामुळे कळलं असतं आणि कोणामुळे इतके दिवस कळलं नाही, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर ओसरीच्या पायरीवर एक भांडं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, अजून गरम. माझ्या घरात कोणी आजारी नव्हतं. कोठार जळलं नव्हतं, पाय मोडला नव्हता. मी भांडं स्वयंपाकघरात नेलं आणि हात भाजत असतानाही ते डोक्यावर धरून बूड वाचलं. व्हर्ना क्लॅट. अक्षर ठळक, कारखान्यातल्या पेट्यांवर ती लिहायची तसं.

नूडल्स आणि मासा होता. मी उभ्यानेच खाल्लं. तिने माझ्या ताटात टाकलेल्या त्या तुकड्यासारखंच हेही मी काही न बोलता घेतलं.

भांडं धुऊन, पुसून ओट्यावर ठेवलं आहे. ते रिकामं परत द्यायचं नसतं, आणि मला केक येत नाही. पण ते पोचवायला व्हर्नाच्या दारात उभं राहावं लागेल, ती दार उघडील, आणि मग कोणी मध्ये हाक मारेपर्यंत मला बोलावं लागेल. मी ते वाक्य तयार ठेवलं आहे. सुरुवातीचा 'अर्थात' काढून टाकला आहे.

रोज सकाळी सातच्या सुमारास ओपलची गाडी माझ्या घराच्या खिडकीसमोरून जाते. कालपासून तिच्या शेजारी आणखी एक डोकं दिसतं. निळा अंगरखा आहे. कोण आहे ते मला नीट दिसलं नाही. आज त्यांच्यामागून आणखी एक गाडी ड्वाइटच्या शेडकडे वळली, पण ती व्हर्नाची तपकिरी ब्युइक नव्हती. भांडं अजून ओट्यावरच आहे.